कपाटामागची भिंत

"घरात कुठे ओल, बुरशी वगैरे?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि रुपालीनं दुसऱ्यांदा "नाही" म्हणून सांगितलं.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण येरवड्यातला तो चाळीस वर्षांपूर्वीचा फ्लॅट तिनं आणि नवऱ्यानं घेतला, तेव्हा वर्ध्याहून सासूसासरे वास्तुशांतीला आले होते. मुलानं पुण्यात घर केलं म्हणून सासरे नागोरावांनी गावात पेढे वाटले होते. त्याच पावसाळ्यात मुलीच्या खोलीची भिंत ओली झाली. वरच्या मजल्यावरचं बाथरूम नेमकं त्या खोलीच्या डोक्यावर होतं. तिचा नवरा आनंद एकदा वर जाऊन आला. वरचे शरच्चंद्र दामले दारातूनच म्हणाले, "इमारत जुनी आहे. आम्हीही जुने आहोत. चालायचंच." आनंद पुन्हा गेला नाही. मग रुपाली दर दिवाळीला भिंत खरवडायची, रंगाचा हात मारायची आणि कपाट परत जागेवर ढकलायची. आल्यागेल्याला काही दिसायचं नाही.

प्रियदर्शनी सात वर्षांची. दोन वर्षं तिचा खोकला हटत नव्हता. आइस्क्रीम बंद झालं, दही बंद झालं, मऊ खेळणी माळ्यावर गेली. खोकला तसाच.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला. रुपाली पोचली तेव्हा पोरगी बाकावर वाकून बसली होती, बोलायला श्वास पुरत नव्हता, ओठ निळसर पडले होते. दवाखान्यात वाफेचा मास्क लावल्यावर तासाभरानं छातीची घरघर उतरली. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. रुपाली तोंड उघडणार तोच प्रियदर्शनीनं मास्क बाजूला केला.

"कपाटामागे आहे. आई त्याला रंग लावते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "औषध मी देईन. पण रोज दहा तास ही त्या भिंतीशेजारी झोपणार असेल, तर मी नुसती देतच राहीन."

मुलीला त्या दिवशी दवाखान्यातच ठेवून घेतलं. आनंद तिच्याजवळ थांबला. रुपाली घरी आली, कपाट रिकामं केलं आणि एकटीनं ओढलं. खालपासून खांद्यापर्यंत भिंत काळी होती. हिवाळी फ्रॉकच्या पाठीवर पांढरट केस उगवावेत तशी बुरशी होती. ती फरशीवरच बसली. रंगाचा एकेक हात आपणच मारला, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मग ती उठून वर गेली.

"तो विषय मिटला असं आम्ही समजत होतो," दामले म्हणाले.

"मिटला नव्हता काका. मी झाकला होता." तिनं सगळं सांगितलं. शाळा, ओठ, मास्क.

दामले दारातून बाजूला झाले. आतल्या खोलीत पलंगावर त्यांच्या पत्नी, विजयमालाबाई, पडून होत्या. उजवं अंग गेलेलं. "तीन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही. लोक येतात, हळहळतात, चहा पितात आणि जातात. बाथरूम फोडलं तर हिला आंघोळ कुठे घालू?"

"काम होईपर्यंत मी येईन. पलंगावरच अंग पुसून देईन त्यांचं."

दामले काही बोलणार तेवढ्यात पलंगावरून जड जिभेनं आवाज आला. "फोडा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर आनंदनं विचारलं, "आईबाबांना काय सांगायचं?"

"खरं ते."

प्रियदर्शनीला वर्ध्याला पाठवलं. गवंड्यानं वरची फरशी उचलली तेव्हा खालचा पाइप बोटानं तुटेल इतका कुजलेला निघाला. रुपाली रोज सकाळी वर जाऊन विजयमालाबाईंचं अंग पुसायची. काम वीस दिवसांत झालं. भिंत मात्र पाणी सोडेना. खालचा गिलावा उतरवून, दिवसभर पंखा लावूनही तळहाताला गारवा लागायचा.

"पोरगी बरी हाय," सासू द्वारकाबाई फोनवर सांगायच्या. "खोकलत नाही."

दिवाळीनंतर प्रियदर्शनीनंच फोन घेतला. "आई, मी इथल्याच शाळेत जाऊ?"

"जा," रुपाली म्हणाली. भिंत वाळेपर्यंतच, असं तिनं आनंदला समजावलं.

मार्चमध्ये भिंत वाळली. एप्रिलमध्ये त्यांनी मुलीला आणलं. तिसऱ्या दिवशी तिची छाती पुन्हा वाजू लागली. डॉक्टर म्हणाल्या, "घर सुधारलंय. पण तिची श्वासनलिका आता थोड्याशा ओलीनं-धुळीनंही चिडते. वेळ लागेल. किती, ते मी सांगू शकत नाही."

रुपालीनंच तिला वर्ध्याला परत नेऊन सोडलं. जूनमध्ये प्रियदर्शनी तिसरीत गेली, तिथल्याच शाळेत.