काउंटरवरचे तीन दिवस

चष्म्यांच्या त्या दुकानात ती आठ वर्षं मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर बसत होती. नंबर कितीही अवघड असो, तिनं घासलेली काच फ्रेममध्ये पहिल्या फटक्यात बसायची. पुढे काउंटरवर मात्र तिच्या मागून लागलेल्या चौघी जाऊन बसल्या. त्या गोऱ्या, ही काळी. तसं कुणी बोलून दाखवत नसे. "तुला हलवलं तर आमचं कसं व्हायचं गं?" एवढंच म्हणत.

यंदा वरून फर्मान निघालं. दर शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, सगळ्यांनी वर्णभेदावरचा एक सिनेमा बघायचा आणि मग चर्चा करायची. तिसऱ्या शुक्रवारच्या सिनेमात एक पेशंट काळ्या नर्सला अंगाला हात लावू देत नव्हता. दिवे लागले तेव्हा निम्म्याजणींचे डोळे लाल झाले होते.

"आपल्याकडे असं काही होत असेल तर मोकळेपणानं बोला," मॅनेजरबाई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

तिनं मनाचा हिय्या केला. "मला काउंटरवर बसायचंय. चारदा अर्ज दिलाय."

मॅनेजरबाईंना रडूच फुटलं. "माझ्या हातून असं व्हावं!" कुणी पाणी आणलं, कुणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शेवटी तिलाच म्हणावं लागलं, "जाऊ द्या हो बाई, तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

सोमवारी ती इस्त्रीचा कोट घालून काउंटरवर बसली. पहिलेच आले ते एक आजोबा. तिला बघून दारातच थबकले. "दुसरं कुणी नाही का?"

शेजारची, जी सिनेमा बघताना सगळ्यांत जास्त रडली होती, हसत उठली. "या ना आजोबा, मी बघते." जेवणाच्या सुट्टीत ती हिला म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस हं. म्हातारं माणूस, कशाला वाद?"

मंगळवारी तसेच तिघं आले. बुधवारी कुणी विचारलंच नाही, कारण गिऱ्हाईक आत येतंय तोच शेजारची त्याला आपल्याकडे बोलावून घ्यायची.

संध्याकाळी मॅनेजरबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "तुझे हे हाल मला बघवत नाहीत गं. त्या सिनेमातल्या नर्ससारखं तुझं मी होऊ देणार नाही. उद्यापासून आपली मागेच बस. तिथं तुला कुणी दुखावणार नाही."

तिला बोलायचं होतं, पण बाईंचे डोळे पुन्हा भरून आले होते, आणि त्यांची समजूत काढायची ताकद आता तिच्यात उरली नव्हती. ती "बरं" म्हणाली.

घरी तिच्याच रंगाची धाकटी बहीण अर्ज भरत बसली होती. डोळे तपासायच्या कोर्सची परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झाली होती. "ताई, तुमच्याकडे जागा निघालीय म्हणे. काय लिहू?"

ती बहिणीच्या खांद्यावरून त्या कागदावर वाकली.

"लिही," ती म्हणाली, "काचा घासता येतात."