माझं लांबलेलं मिनिट

मी स्वयंपाकघरातलं घड्याळ बोलतोय. गोल, पांढरं, फ्रिजच्या वर टांगलेलं. घरात माणसं दोनच. एक शिंपीकाम करणारे मास्तर, आणि दुसऱ्या त्यांच्या बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू. काकूंचा माझ्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी बिनचूक होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण एकदा जळमटं काढताना मी खिळ्यावरून पडलो आणि माझा सेकंदकाटा निखळला. "घड्याळजीकडे द्या," काकू म्हणाल्या.

"हॅ! सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला हे काय अवघड?" म्हणत मास्तरांनी तो अंगठ्याने दाबून बसवला. बसला, पण सैल. वर चढताना घसरायचा. त्याची एक फेरी ऐंशी सेकंदांची होऊन बसली. तास-मिनिटं मात्र बरोबर, मग शंका कोणाला येणार?

पुढे मास्तरांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी काकूंना बजावलं, "या गोळीने ठोके मंदावतात. रोज सकाळी नाडी मोजा. पन्नासच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही, मला फोन करायचा."

काकू रोज मास्तरांचं मनगट धरून, माझ्याकडे बघत सेकंदकाट्याची एक फेरी होईपर्यंत ठोके मोजायच्या. मास्तर थकत चालले होते. कापड बेतता बेतता डुलकी लागायची, जिना चढताना धाप. "वय झालं गं," म्हणायचे. एका मंगळवारी काकूंनी मोजले बावन्न ठोके आणि गोळी दिली. खरे होते एकोणचाळीस. मला कळत होतं. पण टिकटिकीपलीकडे मला बोलता कुठे येतं?

तासाभराने मास्तर शिलाई मशीनवरच कोसळले.

वाचले. डॉक्टरांनी छातीत पेसमेकर बसवला. काकू मात्र खचल्या. "माझंच मोजायला चुकलं," ओट्याशी उभ्या राहून पुटपुटायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी वरून बघत राहायचो आणि लाजेने मरायचो.

मास्तर घरी आल्यावर काकूंनी पुन्हा नाडी मोजली. ऐंशी! परत मोजली, परत ऐंशी. घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"अहो, यंत्र साठावर लावलंय. बसल्या जागी ऐंशी कसे? कशावर मोजता?"

"भिंतीवरच्या घड्याळावर."

"हातातल्या घड्याळावर मोजून बघा."

साठ भरले. काकूंनी ते घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि माझी एक फेरी पुरी होईपर्यंत पापणी लवली नाही. मग खुर्चीत बसून रडल्या. "म्हणजे मी नव्हते चुकले."

"काटा मीच बसवला होता गं," मास्तर खाली बघत म्हणाले. "माझा शहाणपणा नडला."

"गप्प बसा. बटण लावणं वेगळं, काटा लावणं वेगळं. कळलं ना आता?" त्यांनी पदराने नाक पुसलं.

माझ्यावर मात्र दोघांपैकी कोणीच रागावलं नाही. तेच जास्त लागलं.

माझा सेकंदकाटा आता मास्तरांच्या बटणांच्या डब्यात आहे. तिथेच राहू द्या त्याला. तुमच्या घरी कोणाची नाडी मोजत असाल, तर आधी घड्याळ तपासा, एवढंच मागणं आहे. रोज सकाळी काकू माझ्याकडे पाठ करून मास्तरांचं मनगट धरतात. मीही मोजतो, पण मनातल्या मनात.