एक गाठ रंगवायची राहिली

लाकडाला रंग फासणारा आणि चर्चच्या दानपेटीत हात घालणारा, हे दोघे एकाच नरकात जाणार असं माझ्या नवऱ्याचं, डेलमरचं मत आहे. १९७६ साली त्याने तळघराच्या चारही भिंतींवर पाइनच्या गाठीगाठीच्या फळ्या स्वतःच्या हाताने ठोकल्या, वरून व्हार्निश मारलं. तेव्हा इकडे विस्कॉन्सिनमध्ये ज्याच्याकडे असं तळघर नाही त्याला मेला कोणी जावई करून घेत नसे. कोपऱ्यात बार, बारवर भुसा भरलेला मासा, आणि अंधार इतका की भर दुपारी पायरी चाचपत खाली यावं लागतं.

त्या अंधारात माझं शिलाई मशीन आहे. मार्चमध्ये नात ब्रिनच्या लग्नाच्या गोधडीत गडद निळ्या तुकड्यांच्या रांगेत मी एक काळा तुकडा शिवला, आणि आठवडाभर मला पत्ताच नाही. डेलमरला सांगितलं बटणं आणायला जाते, आणि एकटी गाडी हाकत शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, पडद्याचा मधला भाग झिजतोय. किती झिजेल, कधी, ते सांगता येत नाही. काम लख्ख उजेडात करा. शिवाय चौकटींचा एक कागद दिला, मध्ये काळा ठिपका. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूच्या रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. तो कागद मी पाककृतींच्या खणात सरकवून दिला. त्या खणाला डेलमरचा हात जन्मात लागलेला नाही.

त्याला का नाही सांगितलं? अहो, मला साधी सर्दी झाली तर हा माणूस तीन आठवडे गाडीच्या किल्ल्या खिशात घालून फिरतो. आणि मग गावातल्या बायका, आजाऱ्याकडे नेतात तशी बटाट्याची भांडी घेऊन, मान तिरकी करून, "कशी आहेस गं?" लग्न पुढच्या वर्षी जूनमध्ये. ती गोधडी मला माझ्या डोळ्यांनी, माझ्या हातांनी पुरी करायची होती. दुसरं काही नको होतं मला.

म्हणून मी एवढंच म्हणाले, तळघर पांढरं करू या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. डेलमर म्हणाला हे खरं लाकूड आहे, जसं काही मला ते इतकी वर्षं भोपळ्याचं वाटत होतं. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने भिंतीवरून तळहात फिरवला, इतक्या मायेने, की अलीकडे माझ्या वाट्याला तेवढी आलेली नाही.

नोव्हेंबरात हरणाची शिकार सुरू झाली. त्या नऊ दिवसांत आमच्या गावात पुरुष म्हणून उरत नाही. शहाणा माणूस त्या आठवड्यात मरतसुद्धा नाही, शवपेटी उचलायला कोण येणार? डेलमर नारिंगी कोट घालून, सॉसेज आणि ब्रँडी घेऊन रानात गेला. गाडी वळणाआड झाली आणि मी व्हर्नाला फोन लावला. व्हर्ना माझी नणंद, डेलमरची सख्खी बहीण. भावाला धडा शिकवायचा म्हटलं की ती कशासाठी हेही विचारत नाही.

दोन दिवसांत आम्ही रंगाचे दोन हात मारले. दुकानदार गाठींवर आधी अस्तर मारा असं काहीतरी बोलला होता, असं व्हर्ना म्हणत होती. मी म्हटलं, त्याला दोन डबे खपवायचेत. माझं हे असंच, एकदा ठरलं की पालथ्या घड्यावर पाणी. माशाभोवतीही नीट रंगवलं, डेलमरच्याच बारवर त्याचीच ब्रँडी प्यालो, व्हर्ना घरी गेली. पुढचा सगळा आठवडा मी एकटी खाली शिवत बसले. काय सांगू, सुईचं नाक दिसत होतं मला. एकदा तर बसल्या बसल्या रडू आलं.

रविवारी डेलमर परतला, हरणाशिवाय. मी तीन उत्तरं तयार ठेवून त्याला खाली नेलं. शेवटच्या पायरीवर तो थांबला तो थांबलाच. आता हा घर डोक्यावर घेणार, मी कंबर कसली.

"आर्डिस," तो म्हणाला, "हे डाग कसले?"

"कसले डाग?"

"कसले म्हणजे? एकूण एक गाठ रंगातून वर आलीय. पिवळी. दोनशे डोळे बघतायत माझ्याकडे."

मी म्हटलं, रागावलायस तर रागाव, पण खोटं बोलू नकोस, भिंत दुधासारखी आहे. तेव्हा त्याने माझा हात धरला आणि बोट फळीवर टेकवलं. "इथे." मी पाहिलं. पांढरं. "आणि इथे?" पांढरंच. खोटं बोलायची माझी तयारी होती हो, पण डाग कुठे आहे तेच ठाऊक नाही तर खोटं तरी काय बोलणार?

त्याने माझा हात सोडला नाही. मग हळूच म्हणाला, "त्या गोधडीतला काळा तुकडा... मला वाटलं नक्षी असेल."

मी बारच्या स्टुलावर बसले आणि सगळं ओकून टाकलं. बटणं, डॉक्टरीणबाई, खणातला कागद. म्हटलं, मला भीती वाटते डेलमर, फार भीती वाटते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग इकडचे पुरुष करतात तेच केलं, गॅरेजमध्ये जाऊन न झाडलेली बंदूक तासभर पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी तो लाखेच्या अस्तराचा डबा घेऊन आला. स्टुलावर बसून, बारीक ब्रशने, एकेक गाठ त्याने बंद केली, आणि प्रत्येक गाठीला माझ्या अकलेचा उद्धार. चार दिवस हेच. अस्तराशिवाय कोण रंगवतं? व्हर्ना. आणखी कोण? माझी बायको. पाचव्या दिवशी वरून पुन्हा पांढरा हात मारून झाल्यावर त्याने मला खाली बोलावलं.

सगळं लख्ख. फक्त माझ्या मशीनसमोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक गाठ तपकिरी तशीच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फळ्यांमधल्या चारचार उभ्या खाचाही तपकिरी. मी म्हटलं, मला नावं ठेवतोस आणि तुझंच राहिलं की.

त्याने खिशातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढला. पाककृतींच्या खणातून.

"राहिली नाही, तुमचा रंग खरवडून मुद्दाम ठेवलीय. रोज एक डोळा झाकून त्या गाठीकडे बघायचं. खाचा सरळ दिसल्या पाहिजेत. शहात्तर साली ओळंबा लावून ठोकल्यात मी. वाकड्या दिसल्या तर दोष माझ्या कामाचा नाही."

तेव्हापासून रोज सकाळी जिन्यावरून हाक येते, सरळ आहेत का? मी खालून ओरडते, सरळ आहेत. रात्रीची गाडी आता तो चालवतो, त्यावरून आमचं रोज वाजतं. काळा तुकडा उसवून झालाय आणि गोधडीच्या दोन रांगा राहिल्यात.

गेल्या मंगळवारी मला चेष्टा सुचली. म्हटलं, डावीकडून तिसरी मला पहिल्यापासूनच वाकडी वाटते हं. वाटलं, आता कारागिराचं नाक कापलं जाईल, चांगला तासभर भांडेल. तो मोज्यांवरच धडधडत खाली आला. एका हातात ओळंबा, दुसऱ्या हातात फोन, आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर लावलेला. मी हसले. तो हसला नाही, फोन कानाला लावूनच पायरीवर बसला.

"सरळ आहे रे," मी म्हटलं. "सगळ्या सरळ आहेत, डेलमर."

त्याने फोन ठेवला. तरी उठून तिसऱ्या खाचेला ओळंबा लावून पाहिला, आणि मगच वर कॉफी प्यायला गेला.