खुडूक कोंबडी आणि माळ्यावरचा डबा

खोटं कशाला बोलू? आमच्या दासगावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरने अंडी उबवली. पिल्लंही धट्टीकट्टी निघाली. फक्त उबेची अशी सवय लागली, की भर वैशाखात ती कुडकुडायची.

झालं काय, सावित्रीच्या पुरात वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर चिखलात गेला. तेव्हा अध्यक्ष महिपतरावांनी ठराव केला की विजेची वस्तू माळ्यावरच राहील. पूर बघितलेला माणूस उंचीवर भरवसा ठेवतो, त्यात त्यांचं चुकलं नाय. म्हणून पडदा नि कीबोर्ड खाली टेबलावर, आणि कॉम्प्युटरचा मुख्य डबा वर पत्र्याखाली, पाठ भिंतीला चिकटवून, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळून. त्यावर माझी खुडूक कोंबडी. ऊब दिसली की ती ठरावबिराव बघत नाय.

वाचनालय सांभाळते ती समीक्षा. पोरांचे कॉलेजचे अर्ज तीच भरते. उन्हं चढली की अर्ज निम्म्यात असताना पडदा काळा! पुन्हा चालू करावा, पुन्हा काळा. पोरं अर्ज भरायला महाडची बस धरायला लागली. तेव्हा महिपतराव दारात काठी आपटून म्हणाले, "आणखी एकदा बंद पडू दे, खोलीला कुलूप! माझ्या खताच्या गोणी तरी मावतील हितं."

ते गेले तशी समीक्षा उठली, मला म्हणाली,

"आजोबा, शिडी धरा."

"गो, पण ठराव हाय ना."

"ठरावाला घाम येत नाही. धरा."

धरली. कोंबडीने तिला एक नि मला दोन चोची मारल्या. डबा खाली आला तो असा तापलेला, की मी वर पापड ठेवला नि उलटायला चिमटा शोधेपर्यंत त्याचा कोळसा झाला.

समीक्षाने वायर काढली, डबा निवू दिला, मग बाजूचा पत्रा उघडला. आत पंख्यावर धुळीची गादी, गादीत माझ्या कोंबडीची पिसं. बोटाने पंखा अडवून धरत तिने ब्रशने सगळं झाडलं.

"हा पंखा आतली गरम हवा मागून बाहेर टाकतो," ती म्हणाली. "मागे भिंत, वर प्लास्टिक, डोक्यावर पत्रा. हवा जाईल कुठं? फारच तापला की जळू नये म्हणून हा आपणहून बंद पडतो."

"म्हणजे बिघडला नाय?"

"रुसलाय."

डबा टेबलावर ठेवला, उन्हापासून बाजूला, भिंतीपासून हातभर पुढं. प्लास्टिक फेकलं. चालू केला तो भर दुपारी तीन पोरांचे अर्ज भरून झाले तरी हूं की चूं नाय.

तेवढ्यात महिपतराव आले, कुलूप घेऊनच.

"खाली कुणी आणला ह्यो?"

"मी आणला, काका. आता वर जाणार नाही."

"पूर आला तर?"

"पूर कधीतरी येतो. पत्रा रोज तापतो."

"घरी बसशील गो!"

"बसेन. पण आधी तुम्ही वर बसा, हाच कागद गुंडाळून. ह्या पूजाचा अर्ज भरेपर्यंत टिकलात, तर डबा मी स्वतः वर नेते आणि खोलीची चावी तुमच्या हातात देते."

खिडकीत गर्दी झालेली. मिशीवाला माणूस मागं कसा हटेल? चढले. कागद लपेटून बसले.

"झाला का गो?"

"आडनाव लिहितेय."

"आता?"

"पत्ता. पिनकोड आठव गं, पूजा."

वरून काळे थेंब पडायला लागले. मिशीचा कलप हो! दासगावात पांढऱ्या मिशीचे महिपतराव प्रथमच दिसले. पूजाचा फोटो चढवायच्या आत ते शिडीच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले.

"काय झालं, काका?"

"काय नाय. कोंबडी बसू देत नाय."

मग कुणाचं लक्ष नाय असं बघून त्यांनी डब्याच्या मागं हात धरला. "गरम वारा येतोय की."

"तोच आत कोंडला होता."

मी घरी जाऊन विहिरीची जुनी कप्पी नि दोर आणला, आढ्याला टांगला. "पुराचा भोंगा वाजला की डबा वर ओढू," मी म्हटलं. "दोर मजबूत हाय, अध्यक्षसुद्धा चढतील."

सगळे हसले. महिपतराव नाय हसले. "आणि माझ्या गोणी रे?"

"माळा रिकामा आहे, काका," समीक्षा म्हणाली. मान वर न करता तिने पूजाचा अर्ज पाठवून टाकला.

महिपतरावांनी मिशी पुसली. कुलूप नि चावी टेबलावर ठेवली, डब्यापासून हातभर लांब.