वंडिलाचा काल्पनिक माणूस

पत्र आलं तेव्हा डॉक्टर गेथिन प्रॉसर एका शेतकऱ्याच्या तळहातात रुतलेली तार काढत होते. दवाखान्याच्या काउंटरवरच्या ग्लेनिसने ते मोठ्याने वाचलं, कारण वंडिला गावात दुसऱ्याचं पत्र मनातल्या मनात वाचणं उद्धटपणाचं समजतात.

"आपण ऑस्ट्रेलियात कायमचे राहिल्यास येथील नागरिकांना वैद्यकीय सेवा मिळण्यात अडथळा येईल. सबब अर्ज नामंजूर."

आता वंडिलातली वैद्यकीय सेवा म्हणजे खुद्द प्रॉसर. दोनशे किलोमीटरच्या टापूत दुसरा डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी ते वेल्समधून आले, तेव्हा याच सरकारने त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या होत्या. तो व्हिसा तात्पुरता होता. मुदत संपत आली म्हणून त्यांनी कायमचा परवाना मागितला आणि फॉर्मात आपल्या किडन्या हळूहळू निकामी होत असल्याचं सरळ लिहून टाकलं. रोग्यांना 'काही लपवू नका' म्हणून दम देणारा माणूस, दुसरं काय करणार!

"पण नेरिस किडनी द्यायला तयार आहे ना?" ग्लेनिसने विचारलं. नेरिस म्हणजे डॉक्टरांची बायको.

"तयार आहे. जुळतेसुद्धा."

"मग अडलं कुठे मेल्यांचं?"

"दुसरं पान वाच."

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की, उपचारांच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांवरून बांधलेलाच नाही. त्यासाठी हाच आजार असलेला एक काल्पनिक माणूस धरला आहे. तो प्रत्येक औषध घेणार, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला लागणार आणि सगळं सरकारी खर्चाने करणार. प्रॉसरांना बायको होती. काल्पनिक माणूस सडाफटिंग होता.

संध्याकाळी पबात दुसरा विषयच नव्हता.

"कोण आहे हा प्राणी?" मर्व म्हणाला. मर्वने उभा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवला होता. "अठ्ठ्याहत्तर वर्षं इथे काढली मी. एकदाही दिसला नाही."

"काही कामधंदा करतो का?"

"कसला! सारखा आजारी असतो म्हणे."

"आणि त्याच्यापायी आपल्या डॉकला हाकलणार? अरे, एकदा आणा त्याला इकडे. बघू तरी, बिअर पाजतो का कुणाला!"

सगळे खो खो हसले, डॉक्टरही हसले. पण घरी जाताना गाडीत नेरिसने त्यांचा हात धरला. त्यांना हे गाव सोडायचं नव्हतं. वेल्समध्ये आता त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि इथे रोज सकाळी साडेआठला बाकावर दहाजण बसलेले असत.

फेरविचाराची सुनावणी व्हिडिओवर झाली. सोबत गावाचा चारशे बारा सह्यांचा अर्ज होता. त्यात तीन कुत्र्यांचे पंजे होते, तेही ग्लेनिसने सह्यांतच मोजले होते. पडद्यावरची व्हिसा खात्याची बाई इतकी नम्र होती की तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

"मी गेलो तर या लोकांनी कुठे जायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो प्रश्न आरोग्य खात्याचा, डॉक्टर. आम्ही फक्त तुमच्या किडनीपुरते."

"माझ्या नव्हे. त्या काल्पनिक माणसाच्या."

"अगदी बरोबर!" बाईचा चेहरा खुलला. "बहुतेकांना हे समजावता समजावता आमच्या नाकी नऊ येतात."

निकाल बदलला नाही. देश सोडायला अठ्ठावीस दिवस मिळाले. त्याच आठवड्यात आरोग्य खात्याची जाहिरात आली: वंडिलासाठी डॉक्टर हवा, परदेशी उमेदवारांचं स्वागत. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत एकही अर्ज आला नव्हता.

दवाखान्याच्या शेवटच्या दिवशी रांग दारापासून पेट्रोल पंपापर्यंत गेली. आजारी फार थोडे होते. बाकीचे नुसते तपासून घ्यायला आले होते, पुढचं कुणी सांगावं म्हणून. डॉक्टरांनी प्रत्येकाला सहा महिन्यांची औषधं लिहून दिली. मर्वची छाती त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकली.

चार वाजता खोली रिकामी झाली. ग्लेनिसने दार लोटलं, खुर्चीत बसली आणि बाही वर केली.

"माझंच राहिलंय."

डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, काटा बघितला. मग खात्री करायला पुन्हा एकदा बघितला.

"बरंच वाढलंय, ग्लेनिस. मीठ कमी कर. ही गोळी रात्रीची घे, विसरू नकोस," ते लिहिता लिहिता म्हणाले. "आणि महिन्याभराने डॉक्टरांना दाखव."

त्यांचं पेन तिथेच थांबलं. ग्लेनिसने बाही खाली केली आणि बटण लावत बसली. ते काही केल्या लागेना.

"कुठल्या?" तिने विचारलं.