काळ्या गरुडापुढची खूण

तिला सगळे चाळणी म्हणत आणि तिला त्याचा अभिमानच होता. दादा युद्धाचे पटखेळ तयार करायचा. पुठ्ठ्याच्या सोंगट्या, षटकोनी घरांचा नकाशा, सोबत नियमांची पुस्तिका. छपाईला जाण्याआधी त्यातला शब्द न् शब्द ती चाळून काढायची. या वेळी रशियन रणगाडे होते, आणि खोक्यावर दादानं ठळक लिहिलं होतं: ‘जे खरोखर सैन्यात दाखल झाले, तेवढेच!’ आता इतकं छातीठोकपणे सांगायचं म्हणजे कुणी तपासायला नको?

टी-७२, टी-८०, टी-९० बिनबोभाट पार पडले. मग आला काळा गरुड नावाचा रणगाडा, आणि चाळणीबाईंच्या कपाळाला आठी पडली. चार दिवस तिनं पुस्तकं, मासिकं पालथी घातली. फोटो होते, पण सगळे प्रदर्शनातले. एकात तर तोफेचा बुरूज जाळीनं झाकलेला. पलटणीत, चिखलात, शिपायांबरोबर असा एकही नाही.

“मिरवायला पुढे आणि कामाला कधीच नाही,” ती म्हणाली. “हा रणगाडा आहे की जावईबापू?”

दादा हसला नाही. “बाबांच्या वहीत आहे. राहू दे.”

इथंच तिला पाणी मुरताना दिसलं. बाबा हयात होते तेव्हा त्यांना रणगाड्यांचं वेड होतं; कोणता खरोखर सैन्यात गेला, ते या वहीत टिपत. त्यांचा नियम कडक होता: तीन वेगवेगळे पुरावे मिळाले तरच नावापुढे बरोबरची लाल खूण, नाहीतर फुली. पुढे डोळे अधू झाल्यावर ते तोंडानं सांगत आणि पोरांपैकी जो हाताशी असेल तो खुणा करी. याच काळ्या गरुडावरून रणगाडाप्रेमींच्या क्लबात त्यांची सगळ्यांदेखत टर उडाली होती. त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. नेमकं काय झालं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चाळणीनं क्लबवाल्यांना आजतागायत माफ केलं नव्हतं. बाबा आणि चुकतील? छे!

मग चुकलं कोण? खेळाच्या खोक्यावर चित्र कुणाचं? काळ्या गरुडाचं. तो गळाला की चित्र गेलं, सोंगट्या गेल्या. म्हणजे वहीत लाल पेन्सिल फिरवायचं कारण एकाच माणसाला होतं, आणि तो समोर बसून नखं कुरतडत होता. सख्खा भाऊ असला म्हणून काय, ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

“वही आण.”

“कशाला उगाच...”

“आण म्हणते ना!”

त्यानं वही आणली, पण हातातून सोडेना. तिनं हिसकावलीच. काळा गरुड, पुढे लाल खूण, पुरावा फक्त एक. “हे बघ! एका पुराव्यावर बाबांनी कधी खूण केली होती? बाबांच्या वहीत हात घालताना लाज नाही वाटली तुला?”

“तारीख बघ,” दादा हळूच म्हणाला.

पानाच्या माथ्यावर तारीख होती. तेव्हा दादा परगावी वसतिगृहात होता.

तिनं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. चौदा नावं, चौदा लाल खुणा. फुली एकही नाही. बाबांचं असं पान जन्मात झालं नसतं. चौदाही खुणा एकाच झटक्यात, घाईघाईनं मारलेल्या. आणि मग तिला आठवलं. खाली मैत्रीण सायकलची घंटी वाजवत होती. बाबा सांगत होते, ती “हो, हो” म्हणत होती, आणि ऐकत मात्र काहीच नव्हती.

“दादा, ही... माझी?”

त्यानं मान डोलावली.

“म्हणजे माझ्यामुळे लोक त्यांना हसले? आणि त्यांना कळलंच नाही?”

“कळलं होतं गं. टर उडाली तेव्हा तिथंच, सोबत आलेल्या शेजारच्या काकांकडून पान वाचून घेतलं त्यांनी. क्लबवाल्यांनी विचारलं, खूण कुणाची? बाबा म्हणाले, माझीच.” दादानं वही मिटली. “मला म्हणाले, तिला सांगू नकोस. पोरगी नुकती नीट तपासायला शिकतेय, भ्यायली तर पुन्हा पेन्सिल धरायची नाही. म्हणूनच मी तो खेळातही ठेवला; गाळला असता तर तू वही मागितली असतीस.”

चाळणीनं वही पुन्हा उघडली. तिनं लाल पेन्सिल मागितली, काळ्या गरुडावर फुली मारली, आणि शेजारी पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं.