दुर्गाबाईंच्या जागी मंजुषा

अकोल्याहून प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा दुर्गाबाई झेंडूच्या वावरात कमरेला ओटी बांधून फुलं तोडत होत्या. अमरावती संपून भातकुलीचा रस्ता सुरू होतो, तिथं त्यांचं वावर. फोन खरं तर खुशालरावांचा, पण ते मोटर पाहायला विहिरीवर गेलेले, म्हणून तो बांधावर डब्याशेजारी पडला होता.

"काकू, काकांना सांगा, पासपोर्ट चुकून दुसऱ्याच बाईचा आलाय," प्रतीक्षा म्हणाली. ती अकोल्याच्या एका सहल कंपनीत कामाला होती. "यादीत नाव आहे दुर्गाबाई मेहरे आणि पासपोर्ट पाठवलाय मंजुषा गणोरकरांचा. ह्या कोण?"

दुर्गाबाईंच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

"मीच," त्या म्हणाल्या, आणि कोण जाणे का, त्यांना हसूच फुटलं.

झालं होतं असं. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या अकोल्याच्या एका दुकानानं दिवाळीत गिऱ्हाईकांसाठी सोडत काढली होती. बक्षीस, जोडीनं थायलंडची सहल. खुशालरावांना जन्मात सोडतीत साधी स्टीलची वाटी लागली नव्हती, आणि लागलं ते एकदम विमानच. नावं विचारायला फोन आला तेव्हा आनंदाच्या भरात त्यांनी सांगून टाकलं, "लिवा, खुशालराव मेहरे आन दुर्गाबाई मेहरे." पासपोर्ट कोणी उघडून पाहिलाच नाही. तो कधीकाळी मस्कतच्या लेकीकडे, अपेक्षाकडे जायचं म्हणून काढलेला. ते जाणं काही झालं नाही आणि पासपोर्ट साड्यांच्या घडीखाली पडून राहिला. अपेक्षानं तो आईच्या शाळेच्या दाखल्यावरून काढला होता, आणि दाखल्यावर त्या होत्या मोर्शीच्या मंजुषा सूर्यभान गणोरकर.

लग्न होऊन त्या मेहऱ्यांकडे आल्या तेव्हा घरात एक मंजुषा आधीपासूनच होती, त्यांची नणंद. एका छपराखाली दोन मंजुषा झाल्या तर हाक कोणाला आणि ओ कोणाची, असं म्हणून सासूबाईंनी सुनेचं नाव दुर्गा ठेवलं. नणंद लवकरच लग्न होऊन गेली. नाव मोकळं झालं, पण ते परत घ्यावं असं कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुर्गाबाईंच्याही नाही.

खुशालराव विहिरीवरून आले. सगळं ऐकून त्यांनी डोक्यावरचा शेला काढला आणि परत बांधला.

"मंजुषा," ते म्हणाले. "हाव ना. तू मंजुषा होती. मी तं ईसरलोच होतो."

"मी बी," दुर्गाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं अकोल्याला गेले. प्रतीक्षाचं ऑफिस एका मेडिकलच्या वर होतं. तिनं त्यांना पाणी दिलं, पंखा वाढवला आणि अडचण सांगितली. स्पेलिंगमधलं एखाददुसरं अक्षर इकडेतिकडे असतं तर विमान कंपनीनं दुरुस्त करून दिलं असतं. इथं नावही वेगळं, आडनावही वेगळं. पासपोर्ट आणि तिकीट जुळलं नाही तर काकू विमानतळाच्या दारातूनच परत.

"पन बाई तं येकच हाय," खुशालराव म्हणाले. "हे पाय, तुह्या समोर बसून राहिली."

"मला दिसतंय काका. कंपनीला नाही दिसत. कंपनीच्या लेखी या दोन बायका आहेत."

"मंग?"

"मग त्यांना दोनच राहू द्यायच्या." प्रतीक्षा खुर्ची ओढून पुढे सरकली. "ग्रुपचं बुकिंग आहे. तिकिटं अजून निघाली नाहीत, नुसती यादी गेलीय. तिकिटं निघेपर्यंत यादीतलं एक माणूस काढून दुसरं घालता येतं. दुर्गाबाई मेहरे येणार नाहीत. त्यांच्या जागी मंजुषा गणोरकर येतील. काकांनी तसं लिहून द्यायचं."

खुशालरावांनी पेन घेतला, कागदावर टेकवला आणि तसाच धरून बसले.

"काय झालं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मले बरं नाई वाटून राहिलं. बायकोले काढून दुसरीले घ्या, असं लिवून देऊ?"

"द्या ना लिवून," दुर्गाबाई म्हणाल्या. "दुर्गाबाईले मी समजावीन."

प्रतीक्षानं टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. तिचं पाहून दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण आता पदरानं भागणार नव्हतं. खुशालरावांनी सही केली ती त्या दोघींच्या हसण्याच्या गदारोळात, मान खाली घालून. दुर्गाबाई आनंदल्या होत्या, पण नुसत्या सहलीपायी नव्हे. घर, वावर, बाजारातला फुलांचा लिलाव, पाहुणेरावळे, सगळं जिच्या गळ्यात होतं त्या बाईला कोणीतरी रीतसर सुट्टी मंजूर केली होती, आणि सुट्टीवर जाणारी बाई अजून झगा घालून मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत झाडावर चढत होती.

परतीच्या एसटीत खुशालराव खिडकीशी बसले होते. गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली तशी ते खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाले, "मंजुषा, रस घेतं का?"

दुर्गाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लग्नाच्या नवऱ्याच्या तोंडून या नावानं हाक त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"बर्फ नको म्हना," त्या म्हणाल्या, आणि रस येईपर्यंत समोरच्या सीटची दांडी उगाच घट्ट धरून बसल्या.

आठवड्याभरानं सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खोल्यांची यादी आली. खुशालराव मेहरे आणि मंजुषा गणोरकर, एक खोली. थोड्याच वेळात फोन वाजला. ओमप्रकाश नावाचे नांदगाव खंडेश्वरचे एक शेतकरी होते, त्यांनाही त्याच सोडतीत सहल लागली होती. खुशालरावांची त्यांच्याशी फक्त फोनवरची ओळख, पण बोलण्यात दुर्गाबाईंचं नाव येऊन गेलेलं. दुर्गाबाई शेजारीच शेवंतीच्या पाट्या भरत होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, मी कोनाले सांगत नाई," ओमप्रकाश दबक्या आवाजात म्हणाले. "पन वहिनीले माईत हाय का?"

खुशालराव सरळ माणूस. "तिले सारं माईत हाय," ते म्हणाले. "तिच्याच समोर सई केली मी."

पलीकडून ओमप्रकाश म्हणाले, "धन्य हाय माय ते," आणि फोन ठेवला.

खुशालराव परत फोन करून खुलासा करायला निघाले होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "लोकाईले बी थोडी मजा येऊ द्या."

ग्रुपमधली मंडळी मुंबईच्या विमानतळावरच पहिल्यांदा एकमेकांना भेटली. ओमप्रकाश खुशालरावांशी बोलत होते, पण नजर जमिनीवर. त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, मात्र दुर्गाबाईंकडे टाचेपासून अंबाड्यापर्यंत पाहून घेतलं. नवी अबोली साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं ब्लाउज, केसांत गजरा.

"तुमीच का मंजुषा?"

"हाव."

"आन दुर्गाबाई?"

"थ्या नाई आल्या," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यायच्या जागेवर मी आली. यादीत हाय पाहा."

पार्वताबाई अजून जवळ सरकल्या. खुशालरावांना चहाचा ठसका लागला.

"त्यायले काई वाटलं नाई?"

"वाटलं ना. म्हने, जा बाई, तू तरी मजा करून ये."

चेक-इनच्या खिडकीवर मुलीनं पासपोर्टावरचं नाव तिकिटाशी अक्षर अक्षर ताडून पाहिलं. "मंजुषा गणोरकर?" तिनं विचारलं. "मीच," दुर्गाबाई इतक्या ठणठणीत म्हणाल्या की मागची रांग वळून पाहू लागली. कुठंही काही अडलं नाही. फक्त आडनावं वेगळी म्हणून मशीननं नवराबायकोला वेगळ्या रांगांत बसवलं, त्या गोंधळात ओमप्रकाशांची जोडीही फुटली, आणि दुर्गाबाईंच्या शेजारी आल्या त्या पार्वताबाई. त्या अंग चोरून बसल्या आणि दोघींच्या मधे त्यांनी पर्स ठेवली.

आता मात्र दुर्गाबाईंना राहवेना. "बाई," त्या म्हणाल्या, "मीच दुर्गा हावो." मग नणंद, शाळेचा दाखला, अकोल्याची सही, सगळं सांगितलं. पार्वताबाई आधी रागावल्या, कारण गेले कित्येक दिवस त्यांनी या दुर्गाबाईंसाठी मनातून हळहळ केली होती आणि ओमप्रकाशांशी खुशालरावांवरून दोनदा भांडण केलं होतं. मग पर्स उचलून मांडीवर घेतली आणि इतक्या हसल्या की हवाईसुंदरी पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन त्यांनी रिकामा पेला परत दिला.

"माहं बी येक नाव होतं," त्या म्हणाल्या. "ललिता. पन माह्या पासपोर्टावर पार्वताच हाय. यायनं सारं बरोबर भरलं नं."

दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला. "पासपोर्ट तं त्या खिडकीवर पाहून झाला," त्या म्हणाल्या. "आता कोन पायते? ललिता, पट्टा लाव."

ललितानं पट्टा लावला. विमान धावू लागलं तसा दोघींनी एकमेकींचा हात धरला, आणि चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा दोघींच्या तोंडून एकदम जी किंचाळी निघाली, ती ऐकून सात रांगा पुढे बसलेले खुशालराव आणि ओमप्रकाश उठून मागे पाहायला लागले. पट्टा बांधायचा दिवा लागलेला असताना उठल्याबद्दल हवाईसुंदरीनं त्या दोघांना दटावून खाली बसवलं.